पिशवी सांगेल

म्हाताऱ्याचं नाव मी लिहिणार नाही. आपलं नाव कुठंतरी छापून यावं असं त्याला फार वाटायचं, म्हणून तर नाहीच. तो जाऊन बरीच वर्षं झाली. म्हातारा म्हणतो ते सवयीनं. पहिल्यांदा बघितला तेव्हा तो साठीचा होता आणि मी पंचेचाळिशीचा. आज मी त्याच्याहून थकलोय, पण म्हातारा तोच.

दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर माणूस चपला काढतो, बसा म्हटलं की बसतो, पाणी पितो. हा चपला काढायचा आणि थेट भिंतीला नाक लावायचा. हुंगायचा. मग कोपऱ्यात वाकायचा, पुन्हा हुंगायचा. घरातली माणसं आपली उभी. कुत्रं परवडलं, ते निदान शेपूट हलवतं.

कुठल्याशा कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याची सगळी नोकरी गेली. प्रोफेसर लोक काचेच्या बशांमध्ये बुरशी वाढवायचे आणि हा त्या बशा धुवायचा. तीस वर्षं बुरशी धुतली, म्हणून रिटायर झाल्यावर स्वतःला बुरशीतला प्रोफेसर समजायला लागला. पेन्शन होती, लग्न केलेलं नव्हतं, करायला दुसरं काही नव्हतं. मग लोकांच्या घरात शिरला.

मी रंगारी. चौथीपर्यंत शाळा, मग गाव सुटलं. कर्वेनगर-कोथरूडला रिकाम्या प्लॉटांवर पुरळ उठावं तशा इमारती उठत होत्या, त्या काळात मी चार माणसं घेऊन कामं करायचो. कंपनीतली तरणी मंडळी कर्ज काढून फ्लॅट घ्यायची आणि चार भिंतींना चार रंग मागायची. हॉलची एक भिंत लाल. का, तर टीव्हीमागे उठून दिसते. मला काय, मी लाल देत होतो.

एक पावसाळा झाला की या नव्या इमारतींना ओल यायची आणि ओलीवर बुरशी. काळी, हिरवी, कधी कापसासारखी पांढरी. लोक मला बोलवायचे. मी पत्रीनं खरवडायचो, भेगांत लांबी भरायचो, प्रायमर मारायचो, वर रंगाचे दोन हात. बुरशीवर रंग दिला की ती चार महिने गप्प बसते. रंगाऱ्याला चार महिने पुरतात. पाचव्या महिन्यात परत बोलावणं. यात काही लबाडी आहे असं मला कधी वाटलं नाही. न्हाव्याला कुणी विचारतं का, केस परत का वाढले म्हणून?

अशा चालत्या धंद्यात हा घुसला.

त्याच्या खांद्याला एक कापडी झोळी असायची. तिच्यात चिकटपट्टीचं भेंडोळं, बॉलपेन, बॅटरी आणि दुधाच्या पिशव्या. रिकाम्या, धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घातलेल्या. घरोघरी बायका दुधाची पिशवी धुऊन खिडकीच्या गजाला लावतात आणि रद्दीवाल्याला देतात. हा रद्दीवाल्याच्या आधी पोचायचा. कामाचे पैसे घ्यायचा नाही, पिशव्या मागायचा. पिशवी कापून सपाट करायची, ओल्या भिंतीवर ठेवायची, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारायची, वर बॉलपेननं तारीख आणि वेळ घालायची. बरोबर दोन दिवसांनी, त्याच वेळेला, दारात हजर. पिशवीच्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीकडून पाणी धरलं असेल तर ओल भिंतीतून येते. कुठंतरी पाइप फुटलाय, नाहीतर गच्ची गळतेय. आणि पिशवीच्या बाहेरच्या अंगाला, खोलीकडून दव धरलं असेल तर ओल खोलीतल्या हवेची. म्हणजे घरातल्या माणसांची. हे एवढंच त्याचं शास्त्र. पण मिरवायचा असं की जणू विमान सोडतोय.

दोन दिवसांच्या आत काही विचारलं तर एकच उत्तर. "पिशवी सांगेल."

"अहो, पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटून उपयोग नाही. पिशवी सांगेल."

मधल्या वेळेत मात्र बायकांना वाट्टेल ते विचारायचा. भात उघडा शिजवता की झाकून? आंघोळीला किती बादल्या? मयूर कॉलनीतल्या एका बाईंनी त्याला चांगलाच सुनावला होता.

"आमच्या आंघोळीशी आपल्याला काय करायचंय?"

"मला काहीच करायचं नाही. तुमच्याबरोबर तुमची भिंतही नहाते आहे, म्हणून विचारलं."

बाईंनी दार आपटलं. हा दाराबाहेर उभा राहून ओरडला, "बाथरूमचं दार मात्र असं लावत जा!"

रंगाऱ्यांचा त्याला भारी तिटकारा. मला 'रंगवाले' म्हणायचा. माझं नाव त्याला माहीत होतं, तरी. माझं काम चालू असलं की शिडीखाली येऊन उभा राहायचा.

"रंगवाले, आजारी माणसाला पावडर लावताय."

"मग तुम्ही औषध द्या."

"देतो ना. आधी खाली उतरा."

एकदा कोथरूडच्या एका नव्या सोसायटीत मला अख्ख्या फ्लॅटचं काम मिळालं होतं. नवरा-बायको दोघं कंपनीत. बेडरूमला एसी, भिंतभर कपाट, भिंतीला चिकटवून ठोकलेलं. कपाटातल्या कोटावर बुरशी, चामड्याच्या बुटांवर बुरशी, बायकोच्या लग्नातल्या शालूवर बुरशी. मी माणसं, शिड्या, डबे घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचलो, तर पलंगाखालून दोन पाय बाहेर आलेले. पाय मी ओळखले.

"हे कशाला आलेत?" मी विचारलं.

"वॉचमन बोलला यांना बोलवा," ती मुलगी म्हणाली. "फ्री आहेत बोलला."

पलंगाखालून आवाज आला, "फुकट नाही. दुधाच्या पिशव्या घेतो."

मग बाहेर आला, गुडघे झटकले आणि पोलिसासारखी चौकशी सुरू केली. खिडकी कधी उघडता?

"अंकल, डस्ट येते ना. आणि एसी असतो."

"कपडे कुठं वाळतात?"

"इथेच, स्टँडवर. बाल्कनीत टाकले की सोसायटीवाले कंप्लेंट करतात."

"धूळ फडक्यानं पुसता येते. तुम्ही दोघं रात्रभर या बंद खोलीत श्वास सोडता, तो कुठं जातो?"

नवरा हसायला लागला. "म्हणजे आमच्या श्वासानं कपाट खराब झालं?"

"मी कुठं काय म्हटलं? पिशवी सांगेल."

पिशवीनं सांगितलं. दव बाहेरच्या अंगाला. मग त्यानं त्या दोघांकडून कपाट सोडवून वीतभर पुढं घ्यायला लावलं. तोंडाला ओलं फडकं बांधायचं, भिंत कोरडी झाडायची नाही, झाडली की बुरशी खोलीभर उडते. साबणाच्या पाण्यानं पुसायची, पुन्हा साध्या पाण्यानं पुसायची, खिडकी उघडून आठवडाभर वाळू द्यायची. गादी टाकून द्यायची. आणि मग रंग नाहीच, साधा चुना.

मी म्हटलं, "चुना मारायला मी काय गोठा रंगवतोय?"

"गोठ्याची भिंत कधी काळी पडलेली बघितलीत का रंगवाले? गावचे ना तुम्ही? आठवा जरा."

मी आठवलं. आठवून आणखी राग आला. अख्खं काम गेलं आणि शिड्या उतरवताना त्या पोरानं मला विचारलं, "काका, तुम्ही पण त्यांच्याकडूनच शिकलात का?"

त्याच्या घरी मी एकदा गेलो होतो, भांडायलाच. एक खोली. त्या खोलीत एकही वस्तू भिंतीला टेकलेली नव्हती. पलंग वीतभर पुढं, कपाट वीतभर पुढं, पाण्याचं पिंप वीतभर पुढं. देवसुद्धा भिंतीपासून सुटे, एका स्टुलावर, मधोमध. सगळं सामान घाबरून खोलीच्या मध्यभागी गोळा झाल्यासारखं. खिडकीची तावदानं यानं काढून टाकलेली. थंडीत माकडटोपी घालून झोपायचा. लोक म्हणायचे, याच्या मागं काहीतरी दुःख असणार, कुणीतरी छातीच्या आजारानं गेलं असणार. काही नव्हतं. मी चौकशी केली होती. जन्मताच तसा होता.

माझी बायको जाऊन आठ महिने झाले. तिच्याबद्दल लिहायला बसलो की हात चालत नाही. म्हाताऱ्याबद्दल चालतो. राग असला की हात चालतो. पण तिच्याशिवाय म्हाताऱ्याचं पुढचं सांगता येत नाही.

आमचं घर कर्वेनगरला, तळमजल्यावर, दोन खोल्या. मूलबाळ झालं नाही. पुढं स्वयंपाकाची खोली, मागं झोपायची. मागच्या खोलीला एकच खिडकी, शेजारच्या रिकाम्या प्लॉटकडं. सकाळी ऊन पार कपाटापर्यंत यायचं. हिला त्या खिडकीत बसून तांदूळ निवडायचे असायचे, दुसरीकडं बसली की खडे राहतात म्हणायची. पुढं त्या प्लॉटवर इमारत आली. ऊन गेलंच, पण आमच्या खिडकीपासून हात लांब केला तर लागेल अशी समोर बाल्कनी आली. तिथं कंपनीतली तीन-चार पोरं भाड्यानं राहायला आली. अर्ध्या चड्डीत उभी, तोंडात सिगरेट, कानाला फोन, खिदळणं. मी खिडकीची दारं लावली, चार कोपऱ्यांना चार स्क्रू मारले आणि वरून ऑइलपेंटचे दोन हात दिले. स्क्रूच्या खाचासुद्धा रंगानं बुजवल्या. पक्कं काम.

ती म्हणाली, "अहो, माझ्याकडं कोण बघतंय आता या वयात?"

"बघत नसतील तर ठीकच. आता दिसणारही नाहीस."

त्यानंतर वर्षभरानं तिला दम लागायला लागला. आधी खोकला, मग धाप. डॉक्टर म्हणाले दमा, फवारा लिहून दिला. पुढं काही वर्षांनी तर दम्याचीही वेळ ठरली. दिवसभर मी कामावर. घरी आलो की ती बरी असायची, गप्पा मारायची. मग रात्री छाती शिट्ट्या घालायची. रविवारी फार व्हायचं. पावसाळ्यात रंगाची कामं बंद, मी आठ-आठ दिवस घरी, तेव्हा तर अंथरुणावर बसून राहायची. मी म्हणायचो, "बाहेर गेलो की बरी, घरी आलो की आजारी. तुला माझीच ॲलर्जी आहे." ती हसायची. हसता हसता खोकायची.

मला वाटायचं, थोडी नाटकं पण आहेत.

म्हातारा आमच्या घरी आला तो एका शनिवारी संध्याकाळी, भांडायला. कुठलीतरी भिंत वाळायच्या आधी मी रंगवली होती. दारातून सुरू झाला. "रंगवाले, मी तुम्हाला आठ दिवस थांबा म्हटलं होतं..." आणि बोलता बोलता थांबला. नाक वर केलं. मला बाजूला सारून मागच्या खोलीत गेला.

"कपाट हलवा."

"का हलवू? माझं घर आहे."

"अहो, हलवा ना," ही आतून म्हणाली. तिला वाटलं काहीतरी हरवलंय त्याचं.

हलवलं. कपाटामागं भिंत छातीइतक्या उंचीपर्यंत काळी. मखमलीसारखी. मी रंगारी, आणि माझ्या घरात ही भिंत. तो हसला असता तर मी त्याला धरून बाहेर काढला असता. हसला नाही. त्याचाच राग आला.

"वहिनी, दम कधीपासून लागतो?"

"झाली की तीन-चार वर्षं, काका."

"आणि ही खिडकी कधीपासून बंद आहे?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "म्हातारबा, चहा प्या आणि निघा."

चहा प्यायला. मग झोळीतून पिशवी काढली, काळ्या भिंतीवर लावली, तारीख घातली, वेळ घातली. "सोमवारी, याच वेळी येतो," म्हणाला. मला नाही, हिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी माझी माणसं पुढच्या आठवड्याचं काम ठरवायला घरी यायची. पाण्याला म्हणून एक जण आत गेला आणि बाहेर येऊन बाकीच्यांना म्हणाला, "चला, दर्शन घ्या! मुकादमाच्याच भिंतीला पिशवी!" सगळे आत जाऊन बघून आले. एकानं तर लांबून हात जोडले. "मुकादम, आंघोळीला किती बादल्या घेता?" हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली.

ते गेल्यावर मी पिशवी फाडली.

ती दारात उभी होती. "उद्या संध्याकाळी येणार होते ते. एक दिवस राहू द्यायची होती."

"मी तीस वर्षं भिंती बघतोय. मला पिशवी शिकवणार?"

त्याच दुपारी भिंत खरवडली, कोरडीच. सगळी खोली काळ्या धुरळ्यानं भरली. ऑइलपेंटचे तीन हात दिले, कपाट परत भिंतीला चिकटवलं. रंगाचा आणि त्या धुरळ्याचा तिला इतका त्रास झाला की तिनं रात्र पुढच्या खोलीत बसून काढली. सोमवारी म्हातारा मिनिटावर हजर. मी दारातच आडवा.

"पिशवी नाही."

"कुणी काढली?"

"मी."

त्यानं मान हलवली, जसं काही पिशवीनं हेच सांगितलं. "वहिनी, येतो," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर एक चमत्कार सुरू झाला. कपाट चालायला लागलं. मी भिंतीला लावायचो, आठ दिवसांनी बघावं तर वीतभर पुढं. अंधारात गुडघा आपटायचा. मी परत ढकलायचो, ते परत पुढं. "झाडायला सरकवते हो," ती म्हणायची. एवढं लोखंडी कपाट दम लागणारी बाई सरकवते, यात मला काही विचारण्यासारखं वाटलं नाही.

आणि माझा स्क्रूड्रायव्हर गेला. छोटा, पिवळ्या मुठीचा, पहिल्या मुकादमानं मला दिलेला. आठ दिवस शोधला. माझ्या माणसांच्या पिशव्या तपासल्या. मग आठवलं, घरात परका माणूस एकच आला होता, आणि त्याच्या खांद्याला झोळी होती.

कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात तो रोज साडेचारला चहाला यायचा. पंधरा-वीस माणसांत मी त्याला गाठला.

"माझा स्क्रूड्रायव्हर घेतलात तुम्ही."

त्यानं कप खाली ठेवला. हा माणूस आयुष्यात कुणाला हो म्हटलेला नव्हता. आज गुरुवार आहे म्हटलं तरी तपासून बघतो म्हणायचा. मला वाटलं आता तासभर वाद घालणार.

"पिवळ्या मुठीचा?" त्यानं विचारलं.

"हो."

त्यानं कप पुन्हा उचलला. "हो. मीच घेतला. नवा आणून देतो."

चहावाल्यानं गाळणं हातात धरून ठेवलं. मी म्हटलं, "लोकांच्या घरात भिंती हुंगायच्या निमित्तानं शिरता, ते यासाठी?"

"असेल तसंही," म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

दुसऱ्या दिवशी लाल मुठीचा नवा स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात उभा. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. मी तो घेतला आणि दार लावलं. मग ही गोष्ट मी सगळ्या कर्वेनगरला सांगितली. सोसायट्यांमध्ये, हार्डवेअरच्या दुकानात, जिथं रंग देत होतो तिथं. पिशवीवाला चोर आहे, स्वतः कबूल झालाय. लोकांनी त्याला घरात घेणं हळूहळू बंद केलं. माझी कामं परत वाढली. तो वाद घालायला कधी आला नाही.

हे सगळं मी घरी आनंदानं सांगायचो. ती भाकरी थापत असायची. थापणं थांबायचं, मग परत सुरू व्हायचं. एकदा म्हणाली, "पुरे ना आता. म्हातारा माणूस आहे."

तो गेला झोपेतच, थंडीच्या दिवसांत. उघड्या खिडकीत झोपून गारठला असणार, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर हार्ट होतं. मी गेलो नाही. ही गेली. परत आली तेव्हा डोळे सुजलेले.

"रडायला काय झालं? कोण लागत होता तुझा?"

"कुणी नाही," म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

त्यानंतर ती बारा-तेरा वर्षं जगली. दम्याची बाई म्हणून बरीच जगली असं डॉक्टर म्हणाले. शेवटचा पावसाळा तिला जड गेला. मी तोवर काम सोडलं होतं. चोवीस तास घरी, तिच्या उशाशी. सगळे म्हणायचे, किती करतात हो बायकोचं.

ती गेल्यावर मागची खोली मी वापरत नव्हतो. पुढच्या खोलीत पडून राहायचो. मागच्या महिन्यात काहीतरी काढायला गेलो तर भिंत काळी. कपाटामागंच नाही, वर छतापर्यंत, खिडकीच्या बाजूनं, कोपऱ्यात. असली भिंत मी माझ्या आयुष्यात बघितली नाही. घरात एकटा माणूस, एक वेळ भात, दोन तांबे आंघोळ. दोन माणसं, दोन वेळचा स्वयंपाक होता तेव्हा एवढी झाली नाही, आता कशी? वाटलं, नक्की पाइप फुटला.

कपाट पुढं ओढलं. कपाटाच्या पाठीला एक आकडा होता, त्याला दोऱ्यानं अडकवलेला माझा स्क्रूड्रायव्हर. पिवळ्या मुठीचा.

मी तो हातात घेऊन पलंगावर बसलो. काही उलगडेना. म्हाताऱ्यानं परत आणून ठेवला म्हणावं तर त्या शनिवारनंतर तो कधी आत आलाच नव्हता. मग उठलो, सकाळची दुधाची पिशवी धुतली, कापली आणि भिंतीवर लावली. बॉलपेननं वेळसुद्धा घातली. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. दोन दिवस त्या खोलीत गेलो नाही. त्याच वेळेला जाऊन बघितलं. आतलं अंग कोरडं. बाहेरच्या अंगाला दव, बोट फिरवलं तर ओघळ आला. पाइप फुटलेला नव्हता.

पिवळ्या मुठीचा घेऊन मी खिडकीशी गेलो. एवढ्या वर्षांचा ऑइलपेंट, खाचा बुजवलेल्या, स्क्रू गंजले असणार, पटाशी लागेल असं वाटलं होतं. मी रंगारी, रंग तुटलेला मला लांबून दिसतो. पण त्या खिडकीकडं मी कधी बघितलंच नव्हतं, कारण ती मी बंद केली होती. चारी स्क्रूंच्या खाचा स्वच्छ. नाण्यासारख्या घासलेल्या, चकचकीत. पहिला स्क्रू दीड फेऱ्यात हातात आला. दुसरा, तिसरा, चौथा. गंज नाही. बोटांना तेल लागलं. वास घेतला, म्हाताऱ्यासारखं नाक लावून घेतला. खोबरेल होतं. ती डोक्याला लावायची ते.

दोघांचं काय बोलणं झालं होतं, केव्हा, मला माहीत नाही. आता विचारायचं कुणाला.

खिडकी उघडली. समोरच्या बाल्कनीत एक माणूस कानाला फोन लावून उभा होता. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, पण अर्धी चड्डी तीच. त्या पोरांतल्याच एकानं पुढं तो फ्लॅट विकत घेतला असं ऐकलं होतं. मला बघून त्यानं फोन खाली घेतला.

"अरे काका! किती दिवसांनी उघडली विंडो. काकू गावाला गेल्यात का?"

मी खिडकीचं दुसरं दार उघडलं.

"नाही, म्हणजे रोज दिसायच्या ना. अकरा वाजले की खिडकी उघडायच्या, तांदूळ निवडत बसायच्या. आमचा फर्स्ट जॉब होता तेव्हापासून. सेकंड शिफ्टला उठवायच्या आम्हाला, उठा रे म्हणून. घरचा डबा आला नाही म्हटलं की या गजातून पोळ्या द्यायच्या." तो हसला. "संडेला मात्र कधीच नाही. आम्ही म्हणायचो, काकूंचा वीकली ऑफ असतो."

"रविवारी मी घरी असायचो," मी म्हटलं.